पटिच्चसमुप्पादाची चित्रे : मातिका, भवचक्र आणि संकल्पनाचित्र

दीघनिकायातील महानिदान सुत्ताचा आरंभ मोठा अर्थपूर्ण आहे. कुरू जनपदातील कम्मासधम्म या निगमात भगवंतांचा मुक्काम असताना आयुष्मान आनंद त्यांच्याकडे येतात आणि निवेदन करतात की, पटिच्चसमुप्पाद गंभीर असल्याचे म्हटले जाते, परंतु आपणास तर तो अगदी उघड आणि सरळ वाटतो. भगवंत त्यांना तेथेच थांबवतात. हा धम्म गंभीर आहे आणि गंभीरच दिसतो. त्याचे आकलन न झाल्यामुळे ही प्रजा विणकराच्या सुतासारखी गुंतून, मुंजगवतासारखी गुरफटून राहिली आहे, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे.

आनंद हे बहुश्रुतांमध्ये अग्रगण्य. जे ऐकले ते त्यांना मुखोद्गत असे. तरीही त्यांना हा इशारा मिळाला. बारा निदाने अनुलोम आणि प्रतिलोम अशी अस्खलित म्हणून दाखवणारे उपासक-उपासिका आज गावोगावच्या विहारांत भेटतात, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु अविज्जा आणि संखार यांच्यात नेमका संबंध कोणता, आई आणि मूल यांच्यातला, दिवा आणि प्रकाश यांच्यातला, की रस्ता आणि वाटसरू यांच्यातला, असे विचारले की बहुधा उत्तर थांबते. नावे पाठ असतात. नावांमधली जागा मात्र रिकामी असते. ही रिकामी जागा बौद्ध परंपरेने वेळोवेळी कशी भरली, कधी ती भरायची राहून गेली आणि त्याचे परिणाम काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

परंपरेचे पहिले साधन म्हणजे मातिका. धम्म मुखपरंपरेने चालत होता त्या काळात धम्मधर आणि विनयधर यांच्या जोडीला मातिकाधर भिक्खूंचाही उल्लेख सुत्तांत येतो. मातिका म्हणजे विषयांची सूत्ररूप यादी. धम्मसंगणीच्या आरंभी असलेल्या मातिकेत २२ तिके आणि १०० दुके आहेत. त्यांपैकी अनेकांत समग्र धम्मांची वर्गवारी बसवता येते. जाता जाता सांगावयास हरकत नाही की, पालीत मातिका या शब्दाचा दुसरा अर्थ पाण्याचा पाट असा आहे. भाषाशास्त्रज्ञ हे दोन शब्द वेगळे मानोत वा एक, आम्हांस हा योग सुंदर वाटतो. पाटाने पाणी वाफ्यावाफ्यात जावे तसे मातिकेने चित्त विषयाविषयात जाते.

परंतु यादीला एक जन्मजात मर्यादा असते. तिच्यात आधी आणि नंतर एवढेच असते. एका बिंदूपासून दोन फाटे फुटत असतील, दोन गोष्टी परस्परांवर टेकलेल्या असतील, अथवा आठ कारणे एकाच जागी येऊन मिळत असतील, तर यादी ते दाखवू शकत नाही. पठणकर्त्याला एका वेळी एकच शब्द उच्चारता येतो, म्हणून विचारही एकापाठोपाठ एक अशा ओळीत उभे राहतात. ओळीत उभे राहिले म्हणजे पुढच्याला मागच्याने जन्म दिला असे वाटू लागते. हा दोष बुद्धवचनाचा नव्हे, तो माध्यमाचा आहे.

दुसरे साधन म्हणजे चित्र. दिव्यावदानातील सहसोद्गतावदानात त्याची उत्पत्तिकथा आहे. महामौद्गल्यायन निरनिराळ्या गतींचा वृत्तान्त सांगून लोकांना सावध करीत. परंतु मौद्गल्यायन सर्वत्र आणि सर्वकाळ उपलब्ध असणार नाहीत. तेव्हा विहाराच्या द्वारकोष्ठकात पाच भागांचे चक्र रंगवावे, असे भगवंत आनंदांना सांगतात. नरक, तिर्यक्, प्रेत, देव आणि मनुष्य या पाच गती; मध्यभागी राग, द्वेष व मोह यांची खूण म्हणून पारवा, सर्प आणि डुक्कर; सभोवार अनुलोम-प्रतिलोम बारा अंगांचा प्रतीत्यसमुत्पाद; आणि हे सारे चक्र अनित्यतेने आपल्या पकडीत धरलेले, असा तपशील तेथे आहे. कथेचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही, आणि आमच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे. चित्र तयार झाल्यावर ब्राह्मण आणि गृहपती येऊन विचारू लागले की, हे काय रंगवले आहे? भिक्षूंनी उत्तर दिले की, आम्हांलाही ठाऊक नाही. तेव्हा येणाऱ्यांना चित्र समजावून देण्यासाठी द्वारकोष्ठकात भिक्षू नेमण्याची आज्ञा झाली. भिक्षुसंघाने अजाण भिक्षू नेमले, तेव्हा पुन्हा सांगावे लागले की, नेमावयाचा भिक्षू समर्थ असला पाहिजे. चित्र स्वतः बोलत नाही, याची जाणीव त्या कथाकाराला होती.

या कथेतले चक्र आपल्या महाराष्ट्रातच पाहावयास मिळते. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात, व्हरांड्याच्या डाव्या टोकाच्या भिंतीवर, अशा चक्राचा भग्न अवशेष आहे. हे लेणे इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळातील असून, त्याच्या एका मांडलिकाने ते करविल्याचे तेथील शिलालेखावरून कळते. पुढे लेणी ओस पडली. द्वारकोष्ठकातला समर्थ भिक्षू गेला, चित्र मात्र राहिले. १८१९ नंतर इंग्रज प्रवासी आणि अभ्यासक अजिंठ्यास येऊ लागले, तेव्हा या चक्राचा अर्थ सांगणारे तेथे कोणीच नव्हते. त्यांनी ते राशिचक्र मानले, आणि १७ क्रमांकाच्या लेण्याला कित्येक वर्षे राशिचक्राचे लेणे असेच म्हटले जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात वॉडेल यांनी तिबेटी विहारांतील जिवंत परंपरेतल्या चक्रांशी ताडून पाहिले, तेव्हा हे भवचक्र असल्याचा उलगडा झाला.

हा निव्वळ गमतीचा प्रसंग म्हणून सोडून देता येत नाही. कार्यकारणभाव समजावा म्हणून रंगविलेले चित्र, समजावणारा नाहीसा होताच, ग्रहताऱ्यांनी नियत केलेल्या भाग्याचे चित्र ठरले. परकीय प्रवाशांकडून भिंतीवर जे घडले तेच आपल्याकडे पुष्कळांच्या मनात घडले आहे. बारा निदाने म्हणजे जणू बारा राशी, आणि त्यांतून फिरणारा जीव म्हणजे पूर्वजन्मीच्या कर्माने बांधलेला कैदी, अशी समजूत सुशिक्षित बौद्धांतही आढळते.

या समजुतीला चक्राच्या आकाराने हातभार लावला, असे आमचे मत आहे. चक्रात प्रत्येक अंगाला दोनच शेजारी मिळतात, एक मागचा व एक पुढचा. शिवाय मधल्या भागात पाच गती रंगविल्यामुळे पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम जन्मांतराकडे जाते आणि बारा अंगे काठावर नक्षीसारखी उरतात. ज्या शतकात अजिंठ्याचे हे लेणे खोदले गेले त्याच शतकात, अनुराधपुरात आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गाच्या सतराव्या परिच्छेदात बारा अंगांची वाटणी अतीत, वर्तमान आणि अनागत अशा तीन काळांत करून ठेवली. भवचक्क हा शब्दही त्यांनी तेथे वापरला आहे. पुढील थेरवादी अध्यापनात हीच वाटणी रूढ झाली. वास्तविक अभिधम्मपिटकातील विभंग या ग्रंथाने दुसरी वाटही दाखवून ठेवली होती. तेथील पटिच्चसमुप्पादविभंगाच्या अभिधम्मभाजनीय भागात हीच अंगे एकाच चित्तक्षणाला लावलेली आहेत, आणि त्यातील अञ्ञमञ्ञ-चतुक्कात पुढचे अंगही मागच्या अंगाचा प्रत्यय होते, असे स्पष्ट म्हटले आहे. तीन जन्मांची वाटणी सोपी होती, चित्रात बसणारी होती, ती टिकली. एका क्षणातली परस्परावलंबनाची मांडणी चित्रात बसत नव्हती. ती पंडितांपुरती राहिली.

आमच्या वाचकांना याचे गांभीर्य वेगळे सांगावयास नको. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या असे ऐकवण्यात आले की, तुमचा जन्म, तुमचे दारिद्र्य आणि तुमची अस्पृश्यता ही तुमच्याच पूर्वकर्माची फळे आहेत, त्या समाजाने १९५६ साली नागपूरला धम्म स्वीकारला तो ते ओझे फेकून देण्यासाठी. बोधिसत्त्व बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात जे चार प्रश्न उपस्थित केले, त्यांतील तिसरा आत्मा, कर्म आणि पुनर्जन्म यांविषयीचा आहे. आत्मा नाही असे म्हणणाऱ्या धम्मात कर्म आणि पुनर्जन्म कसे, हा प्रश्न त्यांनी भिडस्तपणा न ठेवता मांडला. विहाराच्या भिंतीवरील एखादे चक्र त्याच जुन्या ओझ्याला मागच्या दाराने आत घेणार असेल, तर त्या चक्राच्या रेषा तपासणे हे पालीच्या अभ्यासकाचे कर्तव्यच ठरते.

येथे आधुनिक शिक्षणशास्त्रातील एका साध्या साधनाचा उपयोग होतो. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९७२ च्या सुमारास, मुलांच्या मनात विज्ञानातील कल्पना कशा बदलत जातात याचा दीर्घकालीन अभ्यास करीत असताना, संकल्पनाचित्राची पद्धत विकसित केली. नवे ज्ञान हे आधीच्या ज्ञानाशी अर्थपूर्ण रीतीने जोडले गेले तरच टिकते, हा डेव्हिड ऑसुबेल यांचा सिद्धान्त तिच्या मुळाशी आहे. संकल्पना चौकटीत लिहावयाच्या आणि त्यांना रेषांनी जोडावयाचे, एवढे तर कोणीही करील. या पद्धतीचे मर्म तिच्या पुढच्या नियमात आहे : प्रत्येक रेषेवर शब्द लिहिलाच पाहिजे. चौकट, रेषेवरचा शब्द आणि दुसरी चौकट मिळून एक अर्थपूर्ण विधान झाले पाहिजे. ते विधान खरे की खोटे, हे मग तपासता येते. नाव नसलेली रेषा तपासता येत नाही; ती फक्त मान्य करता येते.

हा नियम वाचताना पालीच्या अभ्यासकाला पट्ठानाची आठवण होणे अपरिहार्य आहे. अभिधम्मपिटकातील हा शेवटचा आणि सर्वांत विस्तृत ग्रंथ म्हणजे रेषांच्या नावांचाच ग्रंथ होय. एक धम्म दुसऱ्या धम्माचा प्रत्यय कोणकोणत्या प्रकारे होतो, याचे २४ प्रकार त्यात सांगितले आहेत. हेतु हा मुळासारखा. आरम्मण म्हणजे चित्ताचा विषय होऊन उपकारक. सहजात म्हणजे बरोबरच उपजून आधार देणारा. अञ्ञमञ्ञ म्हणजे तिकाटण्याच्या काठ्यांप्रमाणे एकमेकांना तोलून धरणारा. उपनिस्सय म्हणजे बळकट आश्रय, आसेवन म्हणजे पुनःपुन्हा केल्याने पडणारे वळण, आहार म्हणजे पोषण. कम्म-पच्चय या २४ प्रकारांपैकी एक आहे, क्रमाने तेरावा. उरलेले तेवीस विसरून ‘सर्व काही कर्माने’ असे म्हणणे म्हणजे पट्ठानाची पाने फाडून एकच पान हाती ठेवणे होय.

बुद्धघोषांना न्याय द्यावयाचा तर हेही सांगितले पाहिजे की, त्यांनी प्रत्येक निदानाला हे चोवीस प्रकार लावून दाखवले आहेत. अविज्जा ही पुण्यकारक संखारांना दोन प्रकारे प्रत्यय होते, आरम्मण म्हणून आणि उपनिस्सय म्हणून, असे त्यांनी लिहिले. येथे ‘जन्म देते’ हा अर्थ नाही. अज्ञानाला विषय करून त्याच्या निवारणासाठी झटणारा माणूसही अविज्जेच्याच प्रत्ययाने पुण्यकर्म करीत असतो, इतका सूक्ष्म विचार त्या एका रेषेत भरलेला आहे. धर्मानंद कोसंबींनी विसुद्धिमग्गाची नागरी आवृत्ती १९४० साली उपलब्ध करून दिल्यापासून हे सारे आपल्या हाताशी आहे. अध्यापनात मात्र तीन काळांची वाटणी तेवढी उतरली आणि रेषांची नावे ग्रंथातच राहिली.

आता महानिदान सुत्त एका मोठ्या कागदावर काढून पाहू. उजव्या टोकाला जरामरण लिहावे आणि डावीकडे सरकत जावे : जाति, भव, उपादान, तण्हा, वेदना, फस्स, नामरूप, विञ्ञाण. येथे पहिलाच धक्का बसतो. अविज्जा आणि संखार या सुत्तात नाहीत, सळायतनही नाही. चौकटी बारा होत नाहीत, नऊच होतात. दुसरे असे की, विञ्ञाणापाशी पोचल्यावर सुत्त मागे वळते आणि नामरूपाच्या प्रत्ययाने विञ्ञाण असे सांगते. म्हणजे या दोन चौकटींमध्ये दोन्ही टोकांना बाण असलेली रेषा काढावी लागते आणि तिच्यावर अञ्ञमञ्ञ असे लिहावे लागते. संयुत्तनिकायात सारिपुत्तांनी महाकोट्ठिकांना दिलेली एकमेकींना टेकून उभ्या असलेल्या नळाच्या दोन पेंढ्यांची उपमा हीच रेषा दाखवते. एक पेंढी ओढली की दुसरी पडते. यांत आधी कोण, हा प्रश्नच उरत नाही.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. तण्हेपाशी या सुत्ताला फाटा फुटतो. एक वाट उपादानाकडे जाते, ती सर्वांच्या परिचयाची. दुसरी वाट अशी : तण्हेमुळे परियेसना म्हणजे शोधाशोध, शोधाशोधीमुळे लाभ, लाभामुळे विनिच्छय, म्हणजे हे माझे, हे किती, हे कोणाला, असा निवाडा, त्यातून छंदराग, त्यातून चिकटून बसणे, त्यातून परिग्रह, परिग्रहातून मच्छरिय, म्हणजे कृपणता, कृपणतेतून आरक्ष, म्हणजे राखण, आणि राखणीपायी दंड उचलणे, शस्त्र उचलणे, कलह, विवाद, चहाडी, असत्य. या मालिकेतला एक शब्द ‘तुवंतुवं’ असा आहे; मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही, आपण तू-तू-मी-मी म्हणतो तोच. ही वाट जरामरणाकडे जात नाही, ती समाजाकडे जाते. एकाच्या अंतःकरणातली तृष्णा गावाच्या वेशीवरच्या लाठीपर्यंत कशी पोचते, हे तिने टप्प्याटप्प्याने दाखवले आहे. भवचक्राच्या काठावर या वाटेला जागा नाही; चक्राला फाटा फुटू शकत नाही. म्हणून शतकानुशतके चक्र पाहणाऱ्यांच्या दृष्टीस ती पडली नाही. ती सुत्तात पहिल्यापासून होती. सुत्तनिपाताच्या अट्ठकवग्गातील कलहविवाद सुत्तही कलह आणि विवाद कोठून उपजतात याच प्रश्नाने सुरू होऊन मागे मागे जाते. यावरून बौद्ध विचाराच्या जुन्या थरातही हा सामाजिक प्रश्न होता, असे म्हणावयास आधार मिळतो.

या कागदाच्या खालच्या बाजूस चक्कवत्तिसीहनाद सुत्तातील मालिका काढावी. राजाने निर्धनांना धन दिले नाही, त्यामुळे दारिद्र्य वाढले. दारिद्र्यामुळे चोरी, चोरीमुळे शस्त्रे, शस्त्रांमुळे हत्या, हत्येच्या पाठोपाठ असत्य. या मालिकेच्या पहिल्या चौकटीत कोणाचेही पूर्वकर्म नाही. राज्यकर्त्याचे कर्तव्यच्युत होणे आहे. वरच्या मालिकेतला ‘शस्त्र उचलणे’ आणि खालच्या मालिकेतला ‘शस्त्रे’ हे दोन शब्द कागदावर समोरासमोर येतात, तेव्हा दोन स्वतंत्र सुत्ते एकमेकांशी बोलू लागतात. मच्छरिय आणि निर्धनांना धन न मिळणे यांच्यामध्ये रेषा काढावी काय? सुत्ताने ती काढलेली नाही. आमच्या मते ती काढावी, पण तुटक काढावी, म्हणजे ती अभ्यासकाची आहे, बुद्धवचनाची नव्हे, हे पाहणाऱ्यास कळेल.

आता वेदना या चौकटीकडे. चक्रात तिच्याकडे येणारी रेषा एकच, फस्साची. संयुत्तनिकायातील सीवक सुत्तात मोळियसीवक परिव्राजक भगवंतांना विचारतो की, माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकृत कर्मामुळेच, असे काही श्रमणब्राह्मण म्हणतात. आपले काय मत? उत्तरात आठ कारणे सांगितली आहेत : पित्त, कफ, वात, या तिहींचा सन्निपात, ऋतुबदल, विषम वर्तन, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक. सर्व काही पूर्वकर्मामुळे असे म्हणणारे आपल्या अनुभवाच्या आणि जगाला मान्य असलेल्या सत्याच्याही पलीकडे धाव घेतात, असा निर्वाळा तेथे आहे. कागदावर या आठ रेषा काढून प्रत्येकीवर तिचे नाव लिहिले म्हणजे कर्मविपाकाची रेषा आठांतली एक होऊन आपल्या जागी बसते. अंगुत्तरनिकायातील तित्थ सुत्तात तर सर्व पूर्वकृतामुळे, सर्व ईश्वरनिर्मित आणि सर्व अहेतुक, या तीन मतांना एकाच रांगेत उभे करून, त्यांनी माणसाची कर्तव्याकर्तव्यबुद्धीच लयास जाते असे दाखविले आहे.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मज्झिमनिकायातील चूळकम्मविभंग सुत्त अल्पायुष्य, रोग, दारिद्र्य आणि हीनकुलात जन्म यांचा संबंध पूर्वीच्या कर्माशी सरळ जोडते. महानिदान सुत्तातही विञ्ञाण मातेच्या उदरात उतरण्याची भाषा आहे. आपल्याला सोयीची सुत्ते कागदावर घ्यावयाची आणि गैरसोयीची वगळावयाची, हा प्रामाणिक अभ्यास नव्हे. ती रेषाही काढली पाहिजे आणि तिच्यावर सुत्ताचे नाव लिहिले पाहिजे. परंतु तिच्या शेजारीच महाकम्मविभंग सुत्त ठेवावे लागते. त्यात एखाद्याच पापकर्मी माणसाची दुर्गती पाहून सर्व पापकर्मींना नियमाने तसेच होते असा सिद्धान्त काढणाऱ्याला भगवंतांनी मान्यता दिलेली नाही. बाबासाहेबांनी बुद्धवचनाचे विपर्यस्त निवेदन झाल्याची उदाहरणे म्हणून जी पाच सुत्ते नोंदवली, त्यांत हे सुत्त आहे आणि महातण्हासंखय सुत्तही आहे. या दुसऱ्या सुत्तात धीवरपुत्र साति भिक्खू एकच विञ्ञाण जन्मोजन्मी फिरत राहते असे सांगत होता. भगवंतांनी त्याला बोलावून विचारले आणि ज्या इंधनाने अग्नी पेटतो त्यावरून त्याला नाव मिळते, तसे ज्या प्रत्ययाने विञ्ञाण उपजते त्यावरून त्याला नाव मिळते, असे समजाविले. सातिने सर्व चौकटींमधून एकच अखंड रेषा ओढली होती. पाठांतर त्याचेही उत्तम असावे.

संकल्पनाचित्राचेही दोष आहेत. कागदावर ठळक रेघ ओढली की ती खरी वाटू लागते, आणि फळ्यावरचे चित्र विद्यार्थी जसेच्या तसे उतरवून घेतात तेव्हा तेही एक नवे भवचक्र होऊन बसते. त्यासाठी आमच्या मते धम्मवर्गात तयार चित्र टांगू नये. सुत्त हाती द्यावे, चौकटी रिकाम्या चिठ्ठ्यांवर लिहाव्यात आणि रेषेवरचा शब्द विद्यार्थ्यांनीच शोधावा. ‘मुळे’ हा एकच शब्द सर्व रेषांवर लिहिण्यास मात्र मनाई असावी. मराठीत ‘मुळे’ म्हटले की जनक, आधार, निमित्त आणि पोषण हे सर्व अर्थ एकाच पोत्यात जातात. वेदनेमुळे तण्हा आणि नामरूपामुळे विञ्ञाण ही दोन वाक्ये व्याकरणाने सारखी असली तरी त्यांतील संबंध सारखे नाहीत.

एक रेषा आम्ही अद्याप काढलेली नाही. संयुत्तनिकायातील उपनिस सुत्त बारा निदाने सांगून झाल्यावर दुःखापाशी थांबत नाही. दुःखाचा आश्रय घेऊन श्रद्धा, श्रद्धेच्या आश्रयाने प्रामोद्य, मग प्रीती, प्रश्रब्धी, सुख, समाधी, यथाभूतज्ञानदर्शन, निर्वेद, विराग आणि विमुक्ती, शेवटी आस्रव क्षीण झाल्याचे ज्ञान, अशी ते वाट दाखवते. तेथे रेषेवर लिहिण्याचा शब्दही सुत्तानेच दिलेला आहे : उपनिसा, म्हणजे निकटचा आधार. आणि तेथे उपमा आहे ती डोंगरमाथ्यावर पडणाऱ्या पावसाची. घळी, ओढे, तळी, नद्या भरत भरत ते पाणी समुद्राला मिळते. वर्तुळात हे पाणी मावत नाही. या सुत्तासाठी कागद आडवा घ्यावा, आणि उजवीकडे भरपूर जागा सोडावी.